लग्न झालेल्या बाईचा हक्क : काल आणि आज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावे असे ठरले, आणि विषय मिळाला तो पूर्वीच्या काळच्या विवाहित स्त्रीच्या कायदेशीर हक्कांचा. मी सातवीपर्यंत शिकलेली. वकिलाची भाषा मला यावयाची नाही. पण वाचून, विचारून जे समजले, ते आपल्या घरच्या बोलीत सांगते. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. २०२४ साली जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या लेकी. त्यांचे देऊळ-घाट आपण सगळ्या जाणतो, पण त्यासाठी पैसा कोठून आला हे फारसे कोणी विचारीत नाही. त्यांच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावे १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी वेगळी जहागीर दिली होती. तिला ‘खासगी’ म्हणत. तिचा हिशेब दौलतीच्या हिशेबात मिसळत नसे. ही खासगी पुढे अहिल्यादेवींकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतचा दानधर्म तिच्यातून झाला. १७५४ साली पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ साली सासरे गेले, १७६७ साली मुलगाही गेला. दौलत बाईच्या हातून काढून घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्या डगमगल्या नाहीत. धैर्य तर होतेच. पण त्या धैर्याच्या पाठीशी स्वतःच्या हक्काचे काही होते, हेही विसरू नये.

आता साध्या घरातल्या बाईकडे पाहू. तिच्या हक्काचे म्हणून शास्त्राने एकच सांगितले, ते म्हणजे स्त्रीधन. माहेरचे दागिने, लग्नात मिळालेले, प्रेमाने कोणी दिलेले. पण त्यालाही फट ठेवलेली होती. दुष्काळात, आजारात, धर्मकार्यात किंवा कैदेत पडल्यास नवऱ्याने ते वापरले तर परत केलेच पाहिजे असे नाही. आपला जिल्हा दुष्काळाचा. किती पाटल्या आणि किती पुतळ्या सावकाराच्या पेटीत गेल्या असतील, आणि बाईला त्याविषयी बोलण्याची सोयही नसेल! बाईने कमावलेला पैसा तिचाच, असा एक कायदा सरकारने १८७४ साली केला. पण तो हिंदू आणि मुसलमान बायकांना लागू नव्हता. म्हणजे आपल्यासारख्या बहुतेकजणी बाहेरच राहिल्या.

पैशाअडक्याचे असे. पण बाईच्या स्वतःच्या जिवावर तरी तिचा हक्क होता का? हा प्रश्न एका मराठी मुलीने कोर्टात उभा केला. तिचे नाव रखमाबाई. जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग लहानपणीच वारले. आईने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले, पण त्या सासरी नांदावयास गेल्याच नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली दादाजींनी दावा लावला, की बायकोला माझ्या घरी धाडा. रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते. मी अजाण असताना, माझी संमती न घेता झालेले लग्न माझ्यावर लादू नका.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा काढून टाकला. मनाविरुद्ध बाईला अशा रीतीने नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. लोकांत मोठी खळबळ उडाली. टिळकांच्या ‘मराठा’ने निकालावर कडक टीका केली, तर मलबारी आणि पंडिता रमाबाई यांनी रखमाबाईंची बाजू घेतली. पुढे अपील झाले आणि १८८६ साली तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात बसावे. रखमाबाईंनी कळविले, की तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही.

भगिनींनो, यात चोरी नव्हती, मारामारी नव्हती. एका बाईने ‘नाही’ म्हटले, एवढाच गुन्हा, आणि त्याला शिक्षा सहा महिन्यांची. पुढे १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व तुरुंग टळला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी बायकांची सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. म्हणजे एका जन्मात त्यांनी तो तुरुंगाचा हुकूमही पाहिला आणि घटस्फोटाचा हक्कही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. रखमाबाई लढू शकल्या, कारण वडिलांची मिळकत त्यांच्याकडे आली होती, घरची माणसे पाठीशी होती आणि हातात विद्या होती. तेव्हा अशा हजारो मुली असतील, ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्यांचे ‘नाही’ चुलीपुढेच विझले. त्याची नोंद कोर्टाच्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

पुढे कायदा हळूहळू बदलला. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बाईला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली गेली. डॉक्टर देशमुखांच्या खटपटीने १९३७ साली विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण तो हयातीपुरता. उत्पन्न खावे, एरवी विकू नये, आणि तिच्या मागे मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जावी. मुसलमान भगिनींना काही ठरावीक कारणांसाठी कोर्टातून फारकत मागण्याचा हक्क १९३९ साली मिळाला. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याने १९४६ साली हिंदू पुरुषाला पहिली बायको असता दुसरी करण्यास बंदी केली व १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. सगळ्या देशाला हे १९५५ साली मिळाले, म्हणजे आपला भाग थोडा पुढे होता. १९५६ साली तो हयातीपुरता वाटा बाईच्या पूर्ण मालकीचा झाला.

वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलीला मुलासारखा जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, पण त्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ साली केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले. डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती मात्र मोडत नाही.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. हक्क आला, आणि त्याच्या मागोमाग हक्कसोडपत्र आले. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी माझ्या भावाने एक कागद ठेवला. म्हणाला, ताई, सही कर, तुला काय कमी आहे? खरेच, मला खाण्यापिण्याला कमी नाही. भाऊ वाईट नाही. आईचे दुखणे त्यानेच काढले. जमीन तोच कसतो आणि तोच कसो, माझे काही म्हणणे नाही. पण मी सही केली नाही. एवढेच म्हटले, की सातबाऱ्यावर माझे नाव राहू दे. वडिलांची लेक म्हणून मी कोठे तरी लिहिलेली असू दे. त्यावर तो जो उठला, तो अजून नीट बोलत नाही. सण आला की घशात घास अडकतो. वकील कायदा सांगतात, पण त्यासोबत माहेरचे दार अर्धे लागते, ते सांगत नाहीत. म्हणून मी तुम्हाला सांगते. हे दुःख खरे आहे, आणि तरीही सही करण्याची घाई करू नये.

ज्या बहिणीने आनंदाने, समजून-उमजून हक्क सोडला असेल तिला मी नावे ठेवीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही नको. एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मोडणे फार अवघड. सातबारा काढून पाहावा. हल्ली तो मोबाइलवरही दिसतो. वडील वारल्यावर वारसनोंदीत आपले नाव आले की नाही, हे तलाठ्याकडे विचारावे. सासरच्या घराच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत तेही पाहावे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तेथे वकील फुकट मिळतो, मग तिची मिळकत किती का असेना.

आणखी एक विनंती. आपणही कोणाच्या तरी नणंदा आहोत, तशा कोणाच्या तरी भावजयाही आहोत. आपल्या घरात नणंदेपुढे असा कागद ठेवला जाईल, तेव्हा आपण कोणत्या बाजूला उभ्या राहणार, याचा विचार प्रत्येकीने घरी जाऊन करावा. तो विचार मला कठीण गेला, तुम्हालाही जाईल.