म्हातारपणाचा सातबारा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी लोणखेड्याचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला अगदी लागून असलेले हे गाव. गावात साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये आहेत, त्यामुळे सकाळी रस्त्यावर मुलामुलींची एवढी वर्दळ असते की बाहेरच्या माणसाला वाटावे, हे तरुणांचे गाव. दुपारी गल्लीतून एक चक्कर मारली की वेगळे चित्र दिसते. ओट्यावर बसलेली बहुतेक माणसे साठी-सत्तरीची. 'मुलगा कुठे असतो?' असे विचारले तर उत्तरे येतात : पुण्याला, सुरतेला, नाशिकला आणि एखाद्या घरी अमेरिकेला.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक होतो. 'लोकसंख्येचे वाढते वय' हा धडा शिकवताना मी जपानचे उदाहरण देत असे. मुलेही ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तसेच लिहून टाकत. आता निवृत्त होऊन ओट्यावर बसलो आणि लक्षात आले, की उदाहरणासाठी इतक्या लांब जाण्याची गरजच नव्हती.

आमच्या गल्लीत एक नाना आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. केळी आणि पपई मिळून पाच एकरांचा बाग. दोन्ही मुले इंजिनीअर, दोघेही गुणी, दर महिन्याला पैसे पाठवतात. पण शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळी असली की नाना हातात बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघतात. एकदा मी म्हटले, "नाना, आता पुरे करा. पैशाला काय कमी आहे तुम्हाला?" नाना म्हणाले, "मास्तर, पैसे फोनवर येतात. मोटार फोनवर चालू होते म्हणतात, पण व्हॉल्व्ह फिरवायला माणूसच लागतो."

मला वाटते, आजचा आपला विषय नानांनी एका वाक्यात सांगून टाकला. वय वाढते तेव्हा पैशाची अडचण होते हे खरेच. पण त्याआधी हातांची अडचण होते.

थोडे आकडे सांगतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. म्हणजे शंभरात आठ-नऊ. सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज असा, की २०३६ पर्यंत हे प्रमाण शंभरात पंधरा होईल. दुसरीकडे मुले कमी होत आहेत. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुले लागतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हा आकडा १.७ निघाला. लहान कुटुंब व्हावे म्हणून आपणच भिंती रंगवल्या होत्या. ते झाले आणि चांगलेच झाले. पण त्या दोन मुलांच्या आईवडिलांनी म्हातारपणी काय करायचे, हे कोणत्याच भिंतीवर लिहिलेले नव्हते.

युरोपला या बदलासाठी वेळ मिळाला. पासष्टीपुढच्या लोकांचे प्रमाण शंभरात सातवरून चौदावर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानला जेमतेम पंचवीस वर्षे लागली. पण जपान तोवर श्रीमंत झाला होता. आपल्याला वेळही थोडा आहे आणि गाठीला पैसाही थोडा.

आपल्या शेतकऱ्याच्या म्हातारपणाच्या ठेवी पूर्वापार दोन बँकांत असत. एक बँक म्हणजे जमीन आणि दुसरी म्हणजे मुलगा. तिसरी बँक त्याला ठाऊक नव्हती आणि लागतही नव्हती. चार मुलांतला एक तरी घरी राहायचा, तोच शेत कसायचा, त्याची बायको सासूसासऱ्यांचे करायची. त्या सुनेच्या कष्टाचा हिशेब कुणी मांडला नाही, ही गोष्ट वेगळी. आता मुले दोन आणि दोन्ही शिकलेली. त्यांना शिकवायला आपणच शेत गहाण टाकले, मग त्यांनी परत येऊन नांगर धरावा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि जमिनीच्या तर प्रत्येक पिढीत वाटण्या झाल्या. वीस एकरांचे पाच झाले, पाचाचे अडीच.

तरी जमीन आहे ना, ती दुसऱ्याला कसायला द्यावी, असे कुणी म्हणेल. देतातच. आमच्याकडे नफ्याने देतात, बटाईने देतात. पण तो व्यवहार होतो तोंडी. कुळकायद्याची भीती अजून मनातून गेलेली नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आमच्या वाडवडिलांनी पाहिला. कसणारा मालक झाला, ते त्या काळी न्यायाचेच होते. पण त्याची आठवण अशी राहिली, की आजचा म्हातारा मालक कागद करत नाही आणि दर एक-दोन वर्षांनी कसणारा बदलतो. आता कसणाऱ्याच्या बाजूने पाहा. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नसेल, तर तो शेणखत कशाला टाकेल? ठिबकची नळी कशाला बदलेल? सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून पीककर्ज मिळवताना त्याची अडचण, पीकविम्यात अडचण, नुकसानभरपाईत अडचण. मग तो खासगी कर्ज काढतो, जमिनीतून मिळेल तेवढे ओरबाडून घेतो आणि निघून जातो. दहा वर्षांत जमिनीचा कस उतरतो.

लोकसंख्येचे वय वाढल्याचा आर्थिक परिणाम म्हटले, की आपल्याला दवाखाना आणि औषधे आठवतात. तो खर्च तर आहेच. पण एखाद्या शिवारातले उत्पन्न हळूहळू घटते, त्याचे एक कारण मालकाची पंचाहत्तरी हेही असू शकते, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

ही झाली तापीकाठच्या सपाटीची गोष्ट. आमचा जिल्हा मात्र एका वयाचा नाही. उत्तरेला सातपुडा. धडगाव, अक्कलकुव्याकडे जा, पाड्यापाड्यांवर लहान मुले दिसतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के आदिवासी. तिथे तरुण हात आहेत, पण तिथे काम नाही. दिवाळी झाली की कोयते निघतात, दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला. काही घरे मुलांनाही घेऊन जातात. जी मुले शाळेसाठी मागे राहतात त्यांना कोण सांभाळते? आजी. चूल, शेळ्या, पाणी, नातवंडे, सगळे तीच पाहते. ही आजी आहे म्हणून तिची सून बारडोलीकडे ऊस तोडू शकते. म्हणजे सुनेच्या मजुरीत काही वाटा आजीचा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र ही आजी 'अवलंबित' या रकान्यात बसते.

मी वर्षानुवर्षे हाच रकाना शिकवला. कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे अवलंबित किती, असा तो हिशेब. आकडा म्हणून त्याचा उपयोग आहे. पण बॅटरी घेऊन निघालेले नाना त्यात अवलंबित, नातवंडे सांभाळणारी आजी अवलंबित, आणि चौकात दिवसभर मोबाइल पाहत बसलेला पंचविशीचा पदवीधर मात्र कमावत्या वयाचा! खरा प्रश्न असा, की आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या नावावर शेवटी काय उरते.

इथे मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला सोपी नाही.

आमच्या घरी एक सालदार होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होते. त्या दिवशी वर्षाची बोलणी व्हायची. रक्कम ठरायची, धान्य ठरायचे, कपडे ठरायचे. १९७२ च्या सुमारास शहादा भागात भूमिहीन आदिवासी मजुरांची मोठी चळवळ झाली, श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा दादा ऐन विशीत होते आणि मोर्चात चालले होते. नंतर १९८५ पासून तीस वर्षे ते आमच्याकडे होते. माझे वडील वागायला वाईट नव्हते. अडीअडचणीला उचल द्यायचे, दादांच्या मुलीच्या लग्नाला मदतही केली. २०१५ साली दादांच्या गुडघ्यांनी काम करायचे थांबवले. त्या आखाजीला बोलणी झाली नाहीत. आम्ही त्यांना नवे कपडे दिले, थोडे पैसे दिले आणि निरोप दिला.

निवृत्त झाल्यावर मला माझी पेन्शन मिळू लागली, तेव्हा एका रात्री मी कागद घेऊन बसलो. दादांच्या नावावर आम्ही महिन्याला फक्त ५० रुपये टाकले असते, तर तीस वर्षांत आमचे १८ हजार रुपये गेले असते. आठ टक्के व्याज धरले तरी त्याचे पाऊण लाखाच्या आसपास झाले असते. मुद्दलाला हात न लावता महिन्याला पाचशे रुपये व्याज आले असते. रक्कम फार नाही. सुरुवातीच्या वर्षांत ५० रुपये जडही गेले असते. पण शेवटच्या दहा वर्षांत तेवढे तर आमच्या घरी पाहुण्यांच्या चहालाच लागत होते. अडचण पैशाची नव्हती. असे काही करायचे असते, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाच्या घरातही कुणाला सुचले नाही.

आज दादा सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये ही रक्कम हजारावरून दीड हजार केली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेची सुरुवात १९९५ साली ७५ रुपयांनी झाली. २००६ मध्ये ती रक्कम २०० झाली आणि ऐंशीच्या आतल्या माणसासाठी पुढे वर्षानुवर्षे तेवढीच राहिली. या काळात तेल, डाळ, औषधे कुठे गेली ते श्रोत्यांना मी सांगायला नको. तरीही दादांच्या घरात या दीड हजाराला मान आहे. ते पैसे आले की नातवाला खाऊ येतो, दादांची बीपीची गोळी येते, आणि सून 'बाबा, चहा घेता का?' असे विचारते, हे दादांनीच मला हसत सांगितले. म्हाताऱ्या माणसाच्या हातातला स्वतःचा रुपया त्याची घरातली जागा राखतो.

मग करायचे काय? मोठ्या धोरणाच्या गोष्टी सरकारने कराव्यात. घरात बसून करता येतील अशा चार गोष्टी मी सांगतो.

पहिली गोष्ट तरुणांसाठी. अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. साठीनंतर महिन्याला पाच हजार पेन्शन हवी, तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. तोच माणूस चाळिसाव्या वर्षी जागा झाला, तर १४५४ रुपये. उशिराची किंमत एवढी असते. पण एक सावधगिरीही सांगतो. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर बेचाळीस वर्षांनंतरच्या पाच हजारांची किंमत आजच्या साडेसहाशे रुपयांएवढीच राहील. म्हणून ही सुरुवात समजा, कमाई वाढेल तशी बचत वाढवत न्या.

दुसरी गोष्ट घरधन्यांसाठी. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. बायका जास्त जगतात आणि बहुतेकींच्या वाट्याला एकटेपण येते. जमीन नावावर नसेल तर विधवा बाईला स्वतःच्याच शेतात मुलाकडे हात पसरावा लागतो.

तिसरी गोष्ट माझ्या वयाच्या लोकांसाठी. मायेच्या भरात सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे होऊ नका. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात 'आमचा सांभाळ करावा' ही अट स्पष्ट लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली गेली, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. यात मुलावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आपण सख्ख्या भावाशी वाटणी करतानाही कागद करतोच.

चौथी गोष्ट सर्वांसाठी. तुमच्या शेतात, दुकानात, घरात जो माणूस वर्षानुवर्षे राबतो आहे, सालदार असो, ट्रॅक्टरचालक असो की भांडी घासणाऱ्या मावशी असोत, त्याच्या नावाचे खाते उघडून दरमहा थोडे तरी टाका. मजुरी ठरवताना म्हातारपणही ठरवा.

आमचा जिल्हा अजून तरुण आहे. सपाटीवर जे आज होते आहे, ते डोंगरात वीस-तीस वर्षांनी होणार आहे. आज उसाच्या फडात कोयता चालवणारी पोर तेव्हा साठीला आलेली असेल. तिच्या नावावर काहीतरी लागायचे असेल, तर ते आजच लावायला हवे.

गेल्या आखाजीला मी दादांकडे गेलो होतो. म्हणाले, "भाऊ, अजून आखाजी आली की वाटतं, कुणीतरी बोलणी करायला बोलावेल." मी त्यांच्या नावाने पोस्टात एक खाते उघडले आहे, त्याचे पुस्तक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि सुनेकडे ठेवायला दिले. दहा वर्षे उशीर झाला होता. तुमच्या घरी अजून झाला नसेल.