स्वागताध्यक्षांचे भाषण: थांडिका म्कांडाविरे यांच्या निमित्ताने



मी शिक्षणसंस्था चालवणारा माणूस. अर्थशास्त्र माझ्या वाट्याला येते ते अंदाजपत्रकापुरते. पण यंदाच्या अधिवेशनाचे पहिले सत्र मलावीचे अर्थतज्ज्ञ थांडिका म्कांडाविरे यांच्यावर आहे, म्हणून थोडे वाचून आलो आहे.

तरुणपणी ते पत्रकार होते. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. पुढे अमेरिकेत शिकले, आणि स्वतंत्र मलावीच्या बांदा सरकारनेच त्यांचा पासपोर्ट रद्द केला. स्वीडनने आश्रय दिला. स्वकीयांच्या राजवटीने देशोधडीला लावलेला हा माणूस जन्मभर आफ्रिकी राज्यसंस्थेची बाजू मांडत राहिला, याचे मला नवल वाटते. बाजू म्हणजे भलामण नव्हे. जागतिक बँकेच्या 1981 च्या बर्ग अहवालाने आफ्रिकेच्या दुरवस्थेचे खापर मुख्यतः तिथल्या सरकारांच्या धोरणांवर फोडले. वशिल्यावर चालणाऱ्या या सरकारांच्या हातून विकास होणेच नाही, असेही विद्वान म्हणू लागले. म्कांडाविरे विचारत, मग स्वातंत्र्यानंतर सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत यांतल्या अनेक देशांची वाढ चांगली झाली, ती कशी? वशिलेबाजी तेव्हा नव्हती का?

नव्वदच्या दशकात निवडणुका आल्या. लोकांनी सरकार बदलले तरी अर्थधोरण मात्र परदेशी कर्जाच्या अटींतून आधीच ठरलेले. ‘निवड नसलेली लोकशाही’ म्हणून त्यांनी यावर बोट ठेवले. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ लेखन हेच.

संस्थाचालक म्हणून मला भावते ते त्यांचे डाकारमधले काम. कोडेस्रिया या आफ्रिकी सामाजिक शास्त्रे संशोधन परिषदेचे ते 1996 पर्यंत कार्यकारी सचिव होते. पैसा बराचसा परदेशी देणगीदारांचा. संशोधनाचे विषय मात्र आफ्रिकी अभ्यासक ठरवत. हे किती कठीण, ते देणगीदाराच्या दारात उभा राहिलेलाच जाणे! 1990 मध्ये कंपाला येथे बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्यामागेही ही परिषद होती. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील सामाजिक विकास संशोधन संस्थेचे संचालक झाले, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक. 2020 मध्ये त्यांचे निधन झाले.

एक विनंती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी मागे न बसता पुढच्या रांगांत यावे आणि वक्त्यांना बिनदिक्कत प्रश्न विचारावेत. व्यासपीठावरच्या आम्ही मंडळींनी तेवढा वेळ राखून ठेवायचा आहे.