हसू ही वाचनाची खूण
(नामपूर येथील शिक्षक-संमेलनातील भाषण)



मोसम खोऱ्यात फडाच्या शेतीस पाणी नेणारा पाट मुलांच्या परिचयाचा असतो. जेवावयास बसण्याचा पाटही ती ओळखतात. चित्रपुस्तकात ‘आजोबा पाटावर जेवावयास बसले’ असे छापलेले असावे आणि चित्रात आजोबा वाहत्या पाण्यावर ताट मांडून बसलेले दिसावेत! येथे हसण्यासाठी मुलास शब्द वाचावा लागतो, त्याचे दोन्ही अर्थ आठवावे लागतात व ते चित्राशी ताडून पाहावे लागतात.

मी वर्गशिक्षक असताना अशाच एका पाठाच्या वेळी एक मुलगा मोठ्याने हसला. मी त्यास उभे केले. इतर मुले खड्या आवाजात वाचत होती. परंतु अर्थ उमगला होता तो त्या एकट्यास! ती चूक मला अजून बोचते.

शब्दांचा खेळ पोरकट नव्हे. पुढे ज्ञानपीठ पुरस्कार लाभलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी ‘राणीची बाग’ (१९६१) व ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) लिहिली.

म्हणून विनंती, की गंमत आधी समजावून सांगू नये; मुलांस ती शोधू द्यावी. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलास एखादा अर्थ अपरिचित असल्यास ती वस्तूच दाखवावी; त्याच्या बोलीतील गंमतही वर्गात ऐकावी.

शाळाभेटीस येताना वर्गातून हसू ऐकू आले, तर शिस्त बिघडली असे मी मानणार नाही. वाचन चालले आहे, असे मानीन.