वीणेची घोडी



सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, हे तुम्हांला सांगायला नको. सात दिवस आणि सात रात्री ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहारा बदलतो, वीणा थांबत नाही. जनाबाईचं गंगाखेड आपल्याच परभणी जिल्ह्यात. इथं वीणा नाही असं देऊळ शोधावं लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सप्ताहात तिसऱ्या रात्री वीणेचा आवाज बसला. तारा नीट होत्या, खुंट्या नीट होत्या. आम्ही कंदील जवळ धरून पाहिलं. भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर जी लहानशी चौकी असते, जिच्यावरून तारा जातात, ती घोडी. वर्षानुवर्षं तारा घासून तिच्यावर चऱ्या पडल्या होत्या. आम्ही शहाणे! सुताराची कानस आणली आणि घोडी चांगली सपाट केली. वीणा मुकीच झाली. तार छेडली की नुसता ठक्क आवाज. खाली तर ठेवता येईना. शेजारच्या गावची वीणा येईपर्यंत विणेकरी ती मुकी वीणा गळ्यात घेऊन पहाटेपर्यंत उभे राहिले.

सप्ताह उरकल्यावर आम्ही मिरजेला गेलो. २०१६ च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं ते याच मिरजेहून. तिथं सतार आणि तंबोरे करणारी घराणी आहेत. मूळचे हे शिकलगार, तलवारी व हत्यारांना धार लावणारे लोक. शंभर-दीडशे वर्षांहून आधी फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांनी वाद्यांचं काम हाती घेतलं. पुढं तो गावाचा धंदाच झाला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागिरानं घोडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कानस कोणी लावली?" आम्ही खाली पाहिलं.

मग त्यांनी समजावून दिलं. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका बाक असतो. शेताचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी त्याला ओळखतं, तसंच तारेचं. तार थरथरते तेव्हा त्या बाकाला पुन्हा पुन्हा शिवते व सुटते. त्यातून जो भरलेला, गुंजणारा नाद निघतो, तिला जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर मागेपुढे केला की नाद खुलतो. रामन या शास्त्रज्ञांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या या घोडीवर लेख लिहिला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते मात्र प्रकाशावरच्या कामासाठी.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार असते, ती तुम्ही पाहिली असेल. तिलाही घोडी असते, पण तिचा स्वभाव वेगळा. तिथं तार हाडाच्या अरुंद पट्टीवर टेकते, म्हणून आवाज स्वच्छ, गुंजन नाही. आपल्या वीणेच्या तारा घोडीवरून पुढं जाऊन भोपळ्याच्या बुडाशी अडकतात आणि घोडीला खाली दाबून धरतात. गिटारच्या तारा घोडीलाच बांधलेल्या. सहा पोलादी तारांचा ताण मिळून सुमारे ७० किलो भरतो, जणू एक माणूस तिला ओढतो आहे. म्हणून ती सरसानं घट्ट चिकटवावी लागते. शिवाय गिटारला पडदे असतात. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच तिथून घोडीपर्यंत. थोडी चुकीच्या जागी बसली, तर ती गिटार कधीच सुरात बोलणार नाही.

आमची घोडी फार खाली गेली होती. नवी करावी लागली. खाली शिसवीचं लाकूड, वर हाडाची पट्टी. पूर्वी सांबराचं शिंग वापरत. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला, पुढं तो कडक झाला, आणि शिंग गेलं. आता उंटाचं हाड किंवा प्लास्टिक. कारागीर दोनदा कानस फिरवी, तार चढवी, कान लावी, तार उतरवी. पुन्हा कानस. अर्धा दिवस हेच. आम्हांला वाटे, आता झालं. ते मान हलवीत.

परत आल्यावर आम्ही तबलीवर घोडीच्या चारी बाजूंना शिसपेन्सिलीनं खूण केली. तार बदलताना घोडी सरकली, तर ती तिथंच उभी करायची. सगळ्या तारा एकदम सोडायच्या नाहीत, एकेक बदलायची.

विणेकऱ्यांनी नवी घोडी ऐकली. काही बोलले नाहीत. पट्टा गळ्यात घातला आणि पहाऱ्याला उभे राहिले.

जुनी घोडी आज आम्ही इथं आणली आहे. हातोहात फिरवा. माथ्यावरून बोट न्या. आमच्या कानशीचा खड्डा लागेल.