उमरखेडचा हिशेब कोठें सांपडेल?
(उमरखेड येथें विद्यार्थ्यांपुढें दिलेलें व्याख्यान)



कुणबी आळशी व उधळा म्हणून कर्जांत बुडाला, असें आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविलें गेलें. यास उत्तर शिव्यांनीं नव्हे, कागदांनीं द्यावें लागतें. म्हणून देशाचा आर्थिक इतिहास शोधण्यास आपल्या शिवारापासून आरंभ करा.

१९०५ पूर्वींचें उमरखेड यवतमाळच्या नांवाखालीं शोधाल, तर हात हालवीत परताल. तेव्हां आपला पुसद तालुका वाशीम जिल्ह्यांत होता. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत गेलें. तेव्हांपासूनचे कागद 'हैदराबाद अमानती जिल्हे' या नांवानें पाहावे. १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. त्या काळासाठीं नागपूरचें पुराभिलेखागार गांठावें. लायलसाहेबांचें १८७० चें वऱ्हाडचें ग्याझेटियर व १९०८ चें यवतमाळचें ग्याझेटियर हीं हाताशीं ठेवावीं.

पण छापील तें सर्व खरें मानूं नका. कागद कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, कोणास विचारून लिहिला, हे तीन प्रश्न आधीं विचारा. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजली, विलायतच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि साहेबांची नजर वऱ्हाडावर खिळली. त्यांच्या अहवालांत कापसाचा हिशेब चोख आहे. वेचणाऱ्या बाईच्या पोटाचा मात्र ओळींमधून काढावा लागतो. सावकाराच्या वहीचेंही तेंच. ज्याच्या हातीं लेखणी, त्याचा जमाखर्च!

लक्ष्मण सत्य यांचा १८५० ते १९०० मधील वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांवरील इंग्रजी ग्रंथ १९९७ सालीं निघाला. असा ग्रंथ हातीं आला म्हणजे तळटीपा आधीं वाचा. पुढल्या दप्तराची वाट त्याच दाखवितात.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याची दैना मांडली. डॉ. आंबेडकरांनीं १९२५ सालीं प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथांत सरकारचा जमाखर्च सरकारच्याच कागदांवरून तपासला. एकानें शेत वाचलें, दुसऱ्यानें दप्तर. आपणांस दोन्ही वाचावयाचीं आहेत.

घरांतील जुने सातबारे, गहाणखतें, जिनिंगच्या पावत्या रद्दींत घालूं नका. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याची मजुरी काय मिळे, हें आजीस विचारून तारखेसह लिहून ठेवा. आपला हिशेब आपण न लिहिला, तर दुसरा लिहील, आणि बाकी आपल्याच नांवावर काढील.