भांगाची रेघ

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मी आयुष्यभर केशभूषा केली, आणि आवडीने केली. अंबाडे बांधले, गंगावने बेमालूम गुंफली. खरी कसोटी सातत्याची. एका दृश्याचा उरलेला भाग कधीकधी दोन महिन्यांनी चित्रित होई. तेव्हाही कपाळावरची बट नेमकी तेथेच रुळावी लागे. म्हणून वहीत मी भांगाची रेघ आणि केसांच्या आकड्यांच्या जागा रेखाटून ठेवीत असे. चेहऱ्याला मात्र हात लावायचा नाही! व्यवसायसंघटनेच्या नियमाने रंगभूषा पुरुषांची, स्त्रियांकडे केवळ केस. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ही बंदी बेकायदा ठरविली. तोवर मी निवृत्त झाले होते. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने मात्र कंगव्याबरोबर कुंचलाही उचलला. माझी वही तिच्याजवळच आहे.