मैत्रीचा सामना आणि सेवेची कसोटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परदेशातून सेवेसाठी आलेले तरुण स्वयंसेवक एखाद्या संध्याकाळी तेथील विद्यार्थ्यांशी फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना खेळतात, तेव्हा त्या घटनेची नोंद सहसा करमणुकीच्या सदरात होते. वर्ग किती घेतले, विहिरी किती खोदल्या, लसी किती टोचल्या यांचे आकडे अहवालात ठळकपणे येतात. सामन्याच्या वाट्याला फार तर शेवटच्या पानावरचे एक छायाचित्र येते. वास्तविक, सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यातील नाते खरोखर कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या दीड तासाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही, हे पश्चिम आफ्रिकेतील एका प्रसंगावरून ध्यानात येईल.

१ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' ही स्वयंसेवकांची संघटना स्थापन केली. नवस्वतंत्र राष्ट्रांत शिक्षक, परिचारिका, सर्वेक्षक म्हणून तरुणांना दोन वर्षांसाठी पाठवावे, अशी योजना होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानात आक्रा येथे उतरली. त्या तरुणांनी विमानतळावरच तेथील त्वी भाषेतील गीत म्हटले आणि लोकांना त्याचे कौतुक वाटले. मात्र ऑक्टोबरमध्ये नायजेरियात निराळेच घडले. इबादानच्या विद्यापीठ महाविद्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने मायदेशी पाठवण्यासाठी एक पोस्टकार्ड लिहिले. येथील लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, अशा आशयाचे वर्णन त्यात होते. ते कार्ड विद्यार्थ्यांच्या हाती पडले. निषेधाची सभा झाली, साम्राज्यवादाचे हस्तक म्हणून स्वयंसेवकांचा धिक्कार झाला आणि त्यांना परत पाठवा अशी मागणी पुढे आली. त्या तरुणीने क्षमा मागितली व ती मायदेशी परतली. उरलेल्या स्वयंसेवकांना काही काळ सहाध्यायांचा अबोला सोसावा लागला. पुढे संवाद सुरू झाला, परंतु तो श्रमाने मिळवावा लागला.

विद्यार्थ्यांना राग कशाचा आला? दारिद्र्याच्या उल्लेखाचा खचित नव्हे. आपला देश दरिद्री आहे हे त्यांना परक्याच्या कार्डावरून कळायचे नव्हते. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. आपल्या शेजारी बसून शिकणारी, आपल्याशी हसून बोलणारी व्यक्ती आपल्याकडे वरून पाहते आहे, ही जाणीव त्यांना झोंबली.

या जाणिवेला आर्थिक बाजू आहे. बाजारातील व्यवहारात देणाऱ्याला मोबदला मिळतो आणि व्यवहार तेथे संपतो. दानाचा व्यवहार मात्र संपत नाही. ज्याची परतफेड करता येत नाही असे दान घेणाऱ्याला कायमचे ऋणको करून ठेवते. स्वयंसेवकाला घर देणारे, त्याला भाषा शिकवणारे, आजारपणात त्याच्या उशाशी बसणारे गावकरीही श्रमच करत असतात, पण त्या श्रमाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. जमाखर्चाची एकच बाजू लिहिली, की एक पक्ष दाता ठरतो आणि दुसरा याचक.

मैदानावर ही मांडणी उलटते. मैदान हा पश्चिम आफ्रिकेतील तरुणांच्या दृष्टीने केवळ खेळाचा तुकडा नव्हता. ब्रिटिशांनी हा खेळ शाळांतून आणि पलटणींतून तेथे नेला, पण लोकांनी तो स्वतःचा केला. नायजेरियाचे स्वातंत्र्यनेते नामदी अझिकिवे यांनी १९३८ मध्ये लागोसला एक क्रीडामंडळ काढले आणि महायुद्धाच्या काळात त्याचा संघ घेऊन देशभर दौरे केले. सामन्यासाठी जमलेल्या गर्दीला ते राजकीय भाषण ऐकवीत. १९४९ मध्ये नायजेरियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि मरीन क्रॉस्बी या संघाला त्यांनी ५-२ असे हरवले. १९११ साली कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवणाऱ्या मोहन बागानच्या जवळजवळ अनवाणी संघाची आठवण ज्यांना आहे, त्यांना या विजयाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशा परंपरेतील विद्यार्थी जेव्हा अमेरिकन स्वयंसेवकासमोर उभा राहतो, तेव्हा वर्गातील नाते मागे पडते. त्या काळी अमेरिकेत हा खेळ फारसा रुजलेला नव्हता. 'फुटबॉल' या शब्दाचा अर्थही तेथे वेगळा होता. म्हणजे सकाळी बीजगणित शिकवणारा शिक्षक संध्याकाळी आपल्याच विद्यार्थ्याकडून चेंडू कसा अडवावा हे शिकणार. नियम दोघांना सारखे, आणि पंच बहुधा गावचाच. विद्यार्थी त्याला चकवू शकतो, त्याच्यावर ओरडू शकतो, हरवू शकतो. आभार मानण्याचे बंधन कोणावरच नाही. येथे परतफेड शक्य आहे, आणि म्हणूनच मैत्रीही शक्य आहे.

अट एवढीच, की सामना खरा असला पाहिजे. मुलांना बरे वाटावे म्हणून मुद्दाम हरणारा पाहुणा त्यांचा सर्वांत मोठा अपमान करतो. १९५२ मध्ये एर्नेस्तो गेवारा आणि आल्बेर्तो ग्रानादो हे दोन अर्जेंटिनी तरुण पेरूमधील सान पाब्लोच्या कुष्ठधामात काही दिवस राहिले. तेथील रुग्णांना त्यांनी उपचार दिले, आणि त्यांच्याबरोबर ते फुटबॉलही खेळले. स्पर्शाची भीती न बाळगता एकाच चेंडूमागे धावणारा माणूस रुग्णाला जे सांगतो, ते औषधाच्या बाटलीला सांगता येत नाही.

परंतु सामन्याकडून भलती अपेक्षाही करू नये. शेवटची शिट्टी वाजते आणि विषमता पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहते. एकाच्या खिशात परतीचे तिकीट असते. दुसऱ्याला तेथेच जगायचे असते. आजारी पडलेल्या स्वयंसेवकासाठी विमान येऊ शकते, विद्यार्थ्याच्या आईसाठी बैलगाडी मिळेलच असे नाही. घानाच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या कोकोचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरत आला आहे. त्या मैदानावर शेतकऱ्याला गोल करण्याची मुभा नाही, आणि पंचही त्याच्या गावचा नाही. मैत्रीच्या सामन्याने या व्यवस्थेचे पाप धुतले जाते असे मानणे ही शुद्ध भाबडेपणाची गोष्ट होईल. सामना एवढेच करतो, की समान नियमांखाली माणसे कशी वागतात याचा अनुभव दोन्ही बाजूंना देतो. ज्याने तो अनुभव घेतला, त्याला असमान नियम अधिक बोचू लागतात. बदलाची इच्छा अशा बोचण्यातूनच जन्मते.

हा विचार केवळ परदेशी स्वयंसेवकांपुरता नाही. शहरातून आदिवासी पाड्यावर शिबिरासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याला पारपत्र लागत नाही, एवढाच फरक. परतीचे तिकीट त्याच्याही खिशात असते आणि वरून पाहण्याची सवय त्याच्याही डोळ्यांना असते. तेव्हा पाड्यावरच्या पोरांबरोबर कबड्डी खेळावी, आणि खेळताना संघ शहर विरुद्ध पाडा असा न पाडता मिसळून पाडावा. चेंडू नेला असेल तर तो तेथेच ठेवून यावा. घरी पत्र लिहिताना ते पाड्यावर मोठ्याने वाचले गेले तरी मान खाली घालावी लागणार नाही, असे लिहावे. इबादानच्या पोस्टकार्डाचा धडा हाच आहे.

आणि शिबिराच्या अहवालात श्रमदानाच्या तासांबरोबर सामन्याचा निकालही नोंदवावा. पराभव झाला असेल तर तोही, गुणांसकट.